आफ्रिकन ग्रे पोपट दर उन्हाळ्यात छातीची पिसं उपटतो, पावसाळ्यात बरा होतो, परत तेच

ज्यांच्या घरी ग्रे आहे आणि दरवर्षी ठराविक महिन्यात त्याची छाती उघडी पडते, मग जुलै-ऑगस्टात पिसं येतात, सगळे म्हणतात झालं बरं, आणि पुढच्या होळीनंतर पुन्हा पिंजऱ्याखाली करड्या पिसांचा सडा, त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आमच्या गुंड्याचं हे सलग तीन उन्हाळे चाललं होतं आणि मी रडकुंडीला आले होते, कारण जो जे सांगेल ते करून बघितलं आणि कारण सापडलं शेवटी घरातच.

गुंड्या २०११ साली आला, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी आणला, हातावर भरवून वाढवलेलं पिल्लू होतं. नाना २०१९ ला गेले. गुंड्या अजून त्यांच्यासारखा घसा खाकरतो, अगदी तसाच, दोनदा छोटा आणि एकदा मोठा, आणि आईंचे डोळे अजून दाराकडे जातात. त्यामुळे हा पक्षी आमच्यासाठी काय आहे ते सांगायला नको.

पहिल्यांदा पिसं उपटली ती एप्रिल २०२१ मध्ये. सकाळी झाकण काढलं तर छातीवर रुपयाएवढी जागा उघडी, खाली मऊ राखाडी पिसं पडलेली. आठ दिवसांत ती जागा तळहाताएवढी झाली. पक्ष्यांच्या दुकानात विचारलं तर त्यांनी माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक किडे, आहेत म्हणून एक स्प्रे दिला, तो मारल्यावर गुंड्या दोन दिवस नीट जेवलाच नाही आणि जास्तच उपटायला लागला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की घरात एकटा राहणाऱ्या पोपटाला माइट्स क्वचितच असतात, आणि न बघता असला स्प्रे कधीच मारू नका. तेव्हा पहिली गोष्ट हीच, की दुकानात जाऊ नका, डॉक्टरकडे जा, आणि तेही पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत पण पक्ष्यांची सवय असणारे कमी, सापडत नसेल तर महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे चौकशी करता येईल.

डॉक्टरकडे जायच्या आधी घरी एक बघून ठेवा. पक्ष्याचं डोकं कसं आहे? पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे छाती, मांड्या, पंखाखालचा भाग उघडा आणि डोकं मात्र गच्च पिसांनी भरलेलं असेल तर तो स्वतःच उपटतोय. डोक्याचीही पिसं गेली असतील, नवीन येणारी वाकडीतिकडी, चिमटलेली येत असतील तर प्रकरण वेगळं आहे, मग चोच आणि पिसांचा जो व्हायरल आजार असतो, पीबीएफडी म्हणतात, त्याची टेस्ट करून घ्यायलाच हवी, पिसावरून किंवा रक्तावरून होते. दोन पक्षी एकत्र असतील तर दुसराच ह्याची उपटतोय का तेही बघा. आणि खाली पडलेलं पीस उचलून नीट बघा, मुळासकट निघालंय की दांडी मधेच कुरतडलीय, डॉक्टर विचारतात. आम्ही जुना मोबाईल पिंजऱ्यासमोर लावून रेकॉर्डिंग केलं, त्याचा फार उपयोग झाला, कारण आपण समोर असताना तो काही करत नाही आणि आपण स्वयंपाकघरात गेलो की सुरू.

गुंड्याचं डोकं छान होतं. रक्त तपासलं, पीबीएफडी निगेटिव्ह, लिव्हर ठीक, कॅल्शियम जरा कमी. डॉक्टरांनी खाणं बदलायला सांगितलं. तोवर पाऊस सुरू झाला, गणपतीपर्यंत पिसं आली आणि आम्ही विसरलो.

२०२२ ला मार्चच्या शेवटी परत. ह्या वेळी सगळ्यांचं एकमत झालं की गेरमुळे, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते तेव्हा आमच्या घरापर्यंत डीजेचा आवाज येतो, खिडकीच्या काचा थरथरतात, पक्षी घाबरला असणार. मलाही पटलं. म्हणून २०२३ ला रंगपंचमीच्या आदल्या दिवशी त्याला सुदामा नगरला मावशींकडे नेऊन ठेवलं, पंधरा दिवस तिथेच होता, शांत कॉलनी, मावशी जीव लावतात. आणि अकराव्या दिवशी मावशींचा फोन, अगं ह्याने छाती साफ केलीय.

तेव्हा डोक्यात आलं की २०२१ ला तर कोरोनामुळे गेर निघालीच नव्हती! पहिल्या वर्षी गेर नाही तरी उपटली, तिसऱ्या वर्षी गेरपासून लांब होता तरी उपटली. म्हणजे गेर नाही. इतकी साधी गोष्ट आधी लक्षात आली असती तर मावशींना आणि त्याला दोघांना त्रास झाला नसता. म्हणून सांगते, दरवर्षी परत परत येणारा त्रास असेल तर ह्या वर्षी काय झालं हे विचारू नका, ज्या ज्या वर्षी झालं त्या सगळ्या वर्षांत सारखं काय होतं आणि ज्या वर्षी झालं नाही तेव्हा काय नव्हतं हे कागदावर लिहून काढा. २०२० पर्यंत गुंड्या ठणठणीत होता. मग २०२१ मध्ये घरात नवीन काय आलं?

सांगितलं ते गुंड्यानेच. २०२४ च्या मार्चमध्ये एक दिवस दुपारी तो पिंजऱ्यात बसून एसीच्या रिमोटचा आवाज काढत होता, ती बारीक टीऽऽक, परत परत, आणि प्रत्येक टीकनंतर मान वळवून छातीत चोच. मी जागच्या जागी उभी राहिले. एसी! हॉलमधला एसी मार्च २०२१ ला बसवला, जुना कूलर तेव्हाच भंगारात दिला. मावशींकडे पण हॉलमध्ये एसी आहे.

आता कुणी म्हणेल एसीने काय होतं, थंडच तर होतंय. तर ग्रे मुळात कुठला आहे ते बघा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली जंगलं, घाना, नायजेरिया, कॅमेरून, गॅबॉन, काँगो असं करत पार युगांडा आणि केनियाच्या पश्चिम टोकापर्यंत. विषुववृत्ताच्या आजूबाजूचा प्रदेश, बाराही महिने हवेत ओल, पाऊस अंगावर घेऊन पिसं साफ करणारा हा पक्षी. त्याच्या अंगावर खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड असते, ग्रे पाळणाऱ्यांच्या टीव्हीवर कायम थर असतो तो त्याचाच, ही पूड पिसांची काळजी घेते पण अंघोळ नाही मिळाली आणि हवा कोरडी पडली की तीच साचत जाते, कातडी कोरडी होते, नवीन पिसांचे कोंब खाजतात. आणि आमच्या माळव्यातला एप्रिल-मे किती कोरडा असतो ते इंदूरवाल्यांना माहीतच आहे, धुतलेली साडी वीस मिनिटांत वाळते.

नानांच्या काळात काय होतं, मोठा लोखंडी कूलर, वाळ्याची ताटी, त्यावर दिवसभर पाणी, आणि गुंड्याचा पिंजरा त्याच्या तिरक्या दिशेला. म्हणजे नकळत त्याला सगळा उन्हाळा ओलसर हवा मिळत होती. मी साधं ह्युमिडिटी मीटर आणलं, काही शे रुपयांत मिळतं, एसी चालू असताना पिंजऱ्यापाशी २८ टक्के दाखवलं. नंतर नवीन कूलर लावून बघितला तर ५५ ते ६०. पावसाळ्यात खिडकी उघडी असताना ८० च्या वर, आणि दरवर्षी पिसं त्याच महिन्यांत येत होती!

पण नुसती हवा नाही, हे मला पुढे डायरी लिहायला लागल्यावर कळलं आणि ह्यावरच मला जास्त बोलायचंय. एसी आला हॉलमध्ये, म्हणून उन्हाळ्यात सगळं घर हॉलमध्ये. आधी गुंड्या मधल्या खोलीत साडेसातला झाकला जायचा. आता मुलाची मॅच, ह्यांच्या बातम्या, आईंची मालिका, साडेअकरा-बारापर्यंत ट्यूब चालू आणि पिंजरा तिथेच कारण "त्यालाही गारवा मिळू दे". सकाळी साडेपाचला आईंची पूजा, घंटा. म्हणजे झोप जेमतेम साडेपाच तास. विषुववृत्ताजवळ वर्षभर रात्र जवळजवळ बारा तासांचीच असते, ह्या पक्ष्याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते, आणि आम्ही त्याला अर्धीच रात्र देत होतो, वर प्रेमाने. शिवाय एसी म्हणजे दारं-खिडक्या बंद, त्यामुळे ओट्यावरचं सकाळचं ऊन गेलं. काचेतून येतं ते ऊन त्याच्या कामाचं नाही, कॅल्शियम अंगी लागायला जे किरण लागतात ते काच अडवते, आणि ग्रे ह्या जातीला कॅल्शियम कमी पडायचा धोका जास्त असतो, फार कमी झालं तर झटके येतात, पक्षी दांडीवरून खाली पडतो. गुंड्याचं पहिल्याच टेस्टमध्ये कमी आलं होतं आणि आम्ही फक्त खाण्याचा विचार केला, उन्हाचा नाही.

अजून एक. दुपारी एसीत त्याला बाहेर मोकळा सोडायचो तर तो दिवाणाखाली जाऊन बसायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात कागद कुरतडत, आम्हाला वाटायचं खेळतोय. ही ढोली शोधायची सवय आहे. जंगलात हे उंच झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, अंधारी बंदिस्त जागा मिळाली की त्यांचं शरीर विणीच्या तयारीला लागतं आणि जोडीदार नसला की चिडचिड आणि पिसांवर राग. त्यात मुलगा त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फक्त डोकं आणि मान खाजवायची, पाठ आणि शेपटीखाली नाही.

मग काय बदललं ते सांगते. पिंजरा परत मधल्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीला जाळी लावून घेतली आणि सकाळी साडेसात ते आठ काच उघडी, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, म्हणजे त्याला ऊन नको असेल तर सरकता येतं. संध्याकाळी साडेसातला झाकण, कुणी पाहुणे असोत वा मॅच असो. त्या खोलीत कूलर, पण समोर नाही, तिरका, आणि हे अत्यंत महत्त्वाचं आहे की कूलरची टाकी आठवड्यातून दोनदा घासायची आणि जाळीतली गवताची घास दर सीझनला नवीन, कारण शिळ्या पाण्याला आणि कुबट घासेला बुरशी धरते आणि ग्रेच्या फुफ्फुसाला बुरशीचा आजार पटकन होतो, तो पिसांपेक्षा कितीतरी वाईट. कूलरला वास आला तर पक्षी त्या खोलीत नको, इतकं सरळ ठेवा.

अंघोळ रोज, मार्च ते जून. साधं पाणी, स्प्रेच्या बाटलीने वरून पावसासारखं पडू द्यायचं, तोंडावर मारायचं नाही. पहिले चार दिवस गुंड्या पिंजऱ्याच्या टोकाला जाऊन गुरगुरला, मग मी बाजूला मेथीची ओली जुडी टांगली, त्यात घुसून घुसून तो भिजला आणि पाचव्या दिवशी पंख उघडून उलटा लटकला. सकाळीच करा म्हणजे दुपारपर्यंत वाळतो. पाण्यात हळद, डेटॉल, कडुलिंबाचा काढा, तेल, काहीही घालू नका, आईंनी खोबरेल तेल लावायचा फार आग्रह केला होता पण तेलाने पिसं चिकटतात आणि तो ते चाटतो.

खाण्याचं म्हणाल तर इंदूरच्या घरात सगळ्यात मोठा शत्रू शेव. येणारा जाणारा प्रत्येक जण प्लेटमधली शेव त्याला देतो, पोह्यांवरची, लसणाची, लवंग शेव, आणि तो आवडीने खातो म्हणून सगळ्यांना कौतुक. साधारण ४५०-५०० ग्रॅमच्या पक्ष्याला ते मीठ आणि तेल किती होतं विचार करा. आता पिंजऱ्यावर कागद लावलाय, शेव देऊ नये. सूर्यफुलाच्या बियांचंही तसंच, त्यात चरबी भरपूर, व्हिटॅमिन ए आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि कातडी-पिसांना तेच लागतं. आता गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग, भुट्टा, दिवसाला एक बदाम किंवा अर्धा अक्रोड, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पोपटांचं तयार गोळ्यांचं खाणं (पेलेट, औषधाच्या गोळ्या नव्हेत) हळूहळू वाढवत नेलं, दोन महिने लागले. एकदम बदलू नका, ते उपाशी राहतात पण नवीन खात नाहीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करा, दहा टक्के उतरलं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन. अवोकाडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. आणि नॉनस्टिक तवा जळला तर त्या धुराने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, आमच्या घरातून सगळे नॉनस्टिक गेले.

उरलं डोकं. हा पक्षी फार हुशार आहे. आयरीन पेपरबर्ग ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका पक्ष्यांच्या दुकानातून ॲलेक्स नावाचा ग्रे घेतला होता, तो रंग, आकार, थोडे आकडे ओळखून सांगायचा, २००७ मध्ये वारला तोवर त्याच्यावर काम चालू होतं. जंगलात तेलताडाची फळं शोधत लांब लांब उडणं, संध्याकाळी शेकडोंनी एका झाडावर जमणं, मोकळ्या जागी खाली उतरून खनिजांची माती खाणं, एकमेकांची मान साफ करणं, सगळा दिवस कामाचा. इथे वाटीत खाणं तयार, मग चोचीला काम काय? स्वतःची छाती. आता त्याचं अर्धं खाणं लपवलेलं असतं, मक्याच्या सालीत गुंडाळून, कागदी कपात, नारळाच्या करवंटीत. पेरूची आणि जांभळाची ताजी फांदी दर आठवड्याला, सालं सोलण्यात त्याचा तासभर जातो, आणि सालं सोलणारी चोच पिसं सोलत नाही हे मी रेकॉर्डिंगमध्ये मोजून बघितलंय.

ह्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे जोडी आणा, एकटा आहे म्हणून करतोय. मला हे मान्य नाही. दुसरा ग्रे आणला तर दोघांचं जमेलच असं नाही, कधी दुसराही बघून बघून उपटायला लागतो. आणि दुसरं कारण मनाला लागणारं आहे. १९७५ ते २०१३ ह्या काळात जंगलातून धरलेले बारा लाखांहून जास्त ग्रे अधिकृत व्यापारात गेले, वाटेत मेले ते वेगळेच. घानात तर नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत ह्यांना पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे जंगलातल्या पक्ष्यांचा धंदा बंद. आपल्याकडेही परदेशी पक्ष्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायचा नियम २०२४ मध्ये आलाय, ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या राज्याच्या वन विभागाकडे कागदांचं विचारून घ्या. आणि आपला हिरवा राघू, कंठवाला, तो तर १९७२ च्या कायद्याने पाळताच येत नाही, ग्रे महाग म्हणून राघू आणा असा सल्लाही कुणी देऊ नका. तो समोरच्या कडुलिंबावरच शोभतो.

कधी वाट बघू नये तेही सांगते. रक्त येत असेल, पिसं सोडून कातडी चावत असेल, अंग फुगवून तळाशी बसला असेल, खाणं बंद, विष्ठेचा रंग बदललेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. कच्चं, रक्त भरलेलं पीस तुटलं तर कॉर्नफ्लोर दाबून धरा आणि निघा. गळ्यातली कॉलर डॉक्टर म्हणाले तरच, नुसत्या उपटण्यासाठी घातली तर पक्षी अजून बेजार होतो आणि काढली की परत सुरू. आणि तो उपटताना ओरडू नका, पळत जाऊ नका, त्याला कळतं की हे केलं की सगळे येतात. आम्ही सगळ्यांनी ठरवून बघणंच सोडलं, शांत खेळत असला की मात्र जाऊन बोलायचं. आईंना हे सगळ्यात जड गेलं.

फरक लगेच दिसत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हे सगळं सुरू केलं, मेमध्येही उपटत होता आणि मी हिंमत सोडायच्या बेतात होते. जूनच्या मधे पहिले कोंब दिसले आणि ह्या वेळी त्याने ते राहू दिले. खरी परीक्षा २०२५ चा मार्च होता. रंगपंचमीला घरीच होता, गेर वाजली, तो मधल्या खोलीत भुट्टा खात बसला. एप्रिलमध्ये डाव्या मांडीवर थोडं कुरतडलं, डायरी बघितली तर लग्नाच्या पाहुण्यांमुळे चार रात्री झाकण उशिरा पडलं होतं. वेळ परत लावली, थांबलं. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हाही वासामुळे आठ दिवस त्याला दुसऱ्या मजल्यावर ठेवला, उदबत्ती-धूपही त्या खोलीत बंद केलाय.

छाती आता पूर्ण भरलीय. डाव्या मांडीवर बोटाएवढी जागा मात्र उघडीच आहे, डॉक्टर म्हणाले तिथली मुळं वारंवार उपटून दुखावलीत, कदाचित येणार नाहीत. त्या जागेचा फोटो दर पंधरा दिवसांनी काढते, मोठी होत नाही ना बघायला. आणि संध्याकाळी साडेसातला कुणी विसरलं तर मधल्या खोलीतून नानांचा घसा ऐकू येतो, दोनदा छोटा, एकदा मोठा, मग आई स्वतः उठून झाकण घालतात.